माझ्या नावाने मागितलेली क्षमा

लागोस दे मोरेनो
९ फेब्रुवारी २०१४

रोसेन्दो,

तुझं आमंत्रण पोचलं. जाड कागद, सोनेरी कड, वर आपल्या कातडी कमावायच्या कारखान्याचं, सान क्रिस्पिन टॅनरीचं नाव आणि खाली ख्रिस्ती उद्योजक मंडळाचा शिक्का. 'माणसाचा चेहरा असलेला उद्योग' हा यंदाचा सन्मान सान क्रिस्पिनला मिळणार. ईस्टरनंतरच्या रविवारी सोहळा आणि त्याच दिवशी कामगारांच्या नव्या दवाखान्याला गुमारो लेदेस्माचं नाव. आत तुझ्या हातची चिठ्ठी: "वेवा, झालं ते देवावर सोपवू. तू व्यासपीठावर माझ्या शेजारी बस. आई असती तर तिला हेच आवडलं असतं."

दीड वर्षात तुझ्याकडून आलेला हा पहिला कागद. मी तो नाबोरला वाचून दाखवला. तो कांदा चिरत होता. म्हणाला, "तुझा भाऊ लिहितो मात्र छान. सेमिनरीत शिकवत असतील." आणि पुन्हा कांदा चिरायला लागला. माझा नवरा तुझ्याबद्दल यापेक्षा जास्त बोलत नाही, हे तुझं नशीब समज.

मी येणार नाही. एवढंच लिहून पाकीट चिकटवणार होते. पण तू आईला मध्ये आणलंस, आणि मग हात थांबेना. तुला सगळं माहीत आहे. तरी मला ते एकदा क्रमाने लिहून काढायचंय, कारण तुझ्या तोंडून ते इतक्या वेळा आणि इतक्या गोड आवाजात सांगितलं गेलंय की लेओनमधली माणसं आता तेच खरं धरून चालतात.

बाबा गेले तेव्हा तू सेमिनरीत होतास. मी केमिकल इंजिनीयरिंगची पदवी घेऊन कारखान्यात उभी होते. माल ओळखता येत होता, पण माणसं सांभाळणं माझ्याच्याने होईना. मीच तुला बोलावलं. तू सेमिनरीचा झगा उतरवून आलास, पहिल्याच दिवशी कामगारांना अंगणात गोळा केलंस आणि म्हणालास, "मला फादर व्हायचं होतं. आता हीच माझी चर्च." मागे उभं राहून मी हसले होते. अबुंदिओ फोरमन माझ्या कानाशी म्हणाला, "बाई, चर्चमध्ये पगार वेळेवर होतो का, तेवढं विचारा."

पण तू करून दाखवलंस. बायकांच्या पोरांसाठी पाळणाघर काढलंस. म्हाताऱ्या कारागिरांना घरी बसल्या पगार सुरू केलास. आणि दोन हजार नऊ साली, अमेरिकेच्या ऑर्डरी थांबल्या, वर तापाची साथ आली, आजूबाजूच्या टॅनऱ्यांनी माणसांना गेटबाहेर काढलं, तेव्हा तू स्वतःचं घर गहाण टाकलंस आणि एकालाही काढलं नाहीस. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ते मी नाकारणार नाही. तू ढोंगी असतास तर मला इतकं लागलं नसतं.

त्या वर्षी मी सान हुआनच्या मारियामातेपुढे मेणबत्ती लावली आणि तुझ्यासाठी आभार मानले. मला वाटलं, देवावरचा विश्वास असा दिसतो.

हेनोवेवा


२ मार्च

रोसेन्दो,

तुझा फोन नाबोरने घेतला. "तिला सांग, जखम उकरू नको," असा निरोप दिलास म्हणे. ज्याची जखम त्याला उकरू दे.

मंडळाच्या न्याहारीला तू दर महिन्याला जायचास. आधी प्रार्थना, मग अंडी, मग कुणाचं तरी व्याख्यान. परत आलास की प्रयोगशाळेत माझ्या समोरच्या स्टुलावर बसून सगळं सांगायचास. मालकी ही देवाने सांभाळायला दिलेली ठेव आहे, कामगार हे आपलं कुटुंब, नफ्याचा पहिला घास गरिबाचा. मला ते ऐकायला आवडायचं. पण आपला वाद नेहमी एकाच जागी अडायचा. मी म्हणायचे, "द्यायचं ते नंतर दे. आधी आपल्याकडून कुणाचं वाईट होत नाही ना, ते बघ." तू म्हणायचास, "वेवा, तू नळ बघतेस. मी माणसं बघतो."

नळांचंच सांगते. मागच्या अंगणात दोन हौद होते. केस काढायला कातडी ज्या चुन्यात आणि गंधकाच्या क्षारात भिजवतो, ते पाणी एका हौदात. ॲसिडकडचं पाणी दुसऱ्यात. नळही वेगळे. शिकून आल्यावर पहिल्याच वर्षी मी ते वेगळे करून घेतले, आणि नसत्या खर्चात पाडलं म्हणून बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते. ही दोन पाणी एकत्र आली की वायू सुटतो. आधी सडक्या अंड्यांचा वास येतो, मग वास यायचाच बंद होतो, मग माणूस कोसळतो. शाळेतल्या पोराला सांगावं तसं तुला सांगतेय, कारण त्या वर्षी तू ते विसरला होतास.

नाबोरच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी त्याच्याबरोबर ग्वादालाहाराला होते. परत आले तर मागच्या अंगणात चॅपेल उभं. पांढऱ्या भिंती, निळी दारं, आत मारियामातेची मूर्ती. कामगारांनी रविवारी फुकट राबून बांधलेलं. बायका मला हाताला धरून दाखवत होत्या, आणि मी जमिनीकडे बघत होते.

"इथे हौद होता," मी म्हणाले.

"बुजवला," तू म्हणालास. "दुसरी जागाच नव्हती गं. बिशप उद्घाटनाची तारीख देऊन बसले होते."

"मग ॲसिडचं पाणी कुठे जातंय?"

"टँकर येतो. भरून घेऊन जातो. पलीकडे नवा हौद होईपर्यंत तसंच."

"नक्की?"

"आईची शपथ, वेवा."

मग मी काय करायचं होतं? गटाराचं झाकण उचलून तुझी शपथ खरी की खोटी ते बघायचं? दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर बघितलं असतं. तू सांगितलंस, म्हणून मी मूर्तीला नमस्कार केला आणि प्रयोगशाळेत गेले.

टँकर कधी आलाच नव्हता. तू ॲसिडचा नळ चुन्याच्या हौदाला जोडून दिला होतास. थोडे दिवसच, असं ठरवून.

ऑगस्टात हौदाचं तोंड तुंबलं. गुमारो पाइप घेऊन खाली उतरला. वर्षानुवर्षं उतरत आला होता. चुन्याच्या हौदाला घाबरायचं नसतं हे त्याला मीच शिकवलं होतं, कारण माझ्या आखणीत त्यात ॲसिड येणारच नव्हतं. अबुंदिओने तोंडाला ओला फडका बांधला, आत वाकून दोर अडकवला आणि त्याला वर ओढलं. मी जिन्यावरून धावत आले तेव्हा तो अंगणात, चॅपेलच्या भिंतीपाशी पडला होता आणि त्याची बायको देल्फिना पॉलिशच्या विभागातून हात पुसत येत होती. तिला अजून माहीत नव्हतं. कुणीतरी बेशुद्ध पडलंय म्हणून बघायला येत होती.

मी हौदाशी गेले. दोन नळ, शेजारी शेजारी, दोन्ही वाहते.

तू माझ्या मागे येऊन उभा होतास. मी म्हणाले, "टँकरचं काय झालं?"

तू म्हणालास, "चॅपेलच्या धावपळीत राहून गेलं."

राहून गेलं. त्यानंतरची दोन वाक्यंही मला पाठ आहेत. "इन्स्पेक्टरला आत्ता काही बोलू नकोस. गुमारोसाठी मिस्सेची प्रार्थना होऊ दे, मग मी स्वतः सगळ्यांसमोर सांगतो." दोनशे घरांच्या चुली विझतील म्हणालास. रडत होतास. मी तुझे डोळे पुसले, रोसेन्दो. अंगणात गुमारोवर चादर घातलेली होती आणि मी तुझे डोळे पुसत होते.

हेनोवेवा


१६ मार्च

रोसेन्दो,

आज मिस्सेचं लिहिते. तू गुडघ्यांवर होतास, तुझी मान खाली होती, तेव्हा तुला काही दिसलं नसेल. मला जे दिसलं ते सांगते.

चॅपेल भरून माणसं दारापर्यंत उभी होती. मंडळाचे लोक पहिल्या रांगेत, फोटोवाला वेदीच्या बाजूला. देल्फिनाला पुढे खुर्ची दिली होती. ती काळ्या शालीत इतकी लहान दिसत होती की कुणीतरी शाळकरी मुलगी आणून बसवलीय असं वाटावं. फादर उबाल्दोंचं प्रवचन क्षमेवर. मग तू उठलास, माइक घेतलास, तिच्यापुढे आलास आणि गुडघे टेकलेस.

"देल्फिना," तू म्हणालास, "या कारखान्याचा बाप म्हणून मी तुझा गुन्हेगार आहे. मला क्षमा कर."

बायका हुंदके द्यायला लागल्या. पुरुषांनी टोप्या छातीशी धरल्या. मी तिसऱ्या रांगेत होते. आता हा सांगणार. नळ मी जोडला, असं म्हणणार. तुझ्यासाठी मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते. तुझी जीभ अडखळू नये म्हणून.

जीभ अडखळली नाही. तू म्हणालास, "आणि माझ्या बहिणीलाही क्षमा कर. या गटारांची आखणी तिची आहे. तिच्या मनात पाप नव्हतं. शिकलेल्या माणसाच्या हातूनही चूक होते. तिच्या वतीने मी तुझे पाय धरतो."

सगळ्या माना वळल्या. त्या माना अजून माझ्याकडे वळलेल्याच आहेत. मी बाजारात टोमॅटो निवडत असले तरी.

तेव्हाच मी का बोलले नाही, असं नाबोर विचारतो. त्याला कसं सांगू? गुडघे टेकलेल्या माणसाकडे बोट दाखवता येत नाही. तू माझ्यासाठी क्षमा मागत होतास! त्यावर मी उठून "मी काही केलं नाही, यानेच केलं" म्हणाले असते तर लोकांनी मला काय म्हटलं असतं? ते तुला माहीत होतं का, हा प्रश्न मी स्वतःला दीड वर्ष विचारतेय. तू ठरवून केलंस, की त्या क्षणी तुला ते खरंच सुचलं, तुझ्या त्या ओल्या, पवित्र मनात? ठरवून केलं असशील तर तू लबाड आहेस. ठरवून नसेल केलंस तर मला तुझी जास्त भीती वाटते.

मग देल्फिना उठली. तुला तिने खांद्याला धरून उभं केलं. आणि ती माझ्याकडे चालत आली. लोकांनी वाट दिली. तिने माझ्या गळ्यात हात टाकले, माझ्या गालावर ओठ टेकले आणि म्हणाली, "इंजिनीयरबाई, मी तुम्हाला माफ केलं. तुम्ही रडू नका."

मी रडत नव्हते. माझे हात नुसते लोंबत होते.

पुढचं सगळं सरळ झालं. इन्स्पेक्टरने हौदात डोकावून नळ बघितलेच नाहीत; त्याला तू आखणीवरची माझी सही दाखवलीस. सही माझीच होती, आखणीही माझी. फक्त ती आखणी जमिनीखाली बुजवली होती आणि वर मारियामाता उभी होती. माझा इंजिनीयर म्हणून सही करायचा हक्क काढून घेतला. मी अपील केलं नाही. कुणापुढे करायचं? त्या शहरात जो तो मला आधीच क्षमा करून बसला होता. फादर उबाल्दो दारात भेटले तर डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मुली, ओझं उतरव. पापनिवेदनाला ये."

म्हणून आम्ही लागोसला आलो. इथे मी शाळेत रसायन शिकवते. पोरं विचारतात, बाई, तुम्ही चर्चला का जात नाही? तुझ्या चॅपेलनंतर मी एकदाही मिस्सेला बसू शकलेले नाही. विश्वास तुझा एकट्याचा नव्हता, रोसेन्दो. माझाही होता. तो तू माझ्या हातातून काढून घेतलास, आणि तुझ्या ते लक्षातही आलं नाही.

हेनोवेवा


१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

रोसेन्दो,

फोनवर मी तुला एकच विचारलं होतं. "नवा हौद झाला का?"

तू म्हणालास, "वेवा, तुझी सगळी पत्रं मी वाचली. मी तुझ्यासाठी रोज प्रार्थना करतो."

"नवा हौद झाला का?"

"दवाखान्याचं काम आधी घेतलं. पुढच्या वर्षी नक्की."

"मग ॲसिड कुठे जातंय?"

"खाली कुणी उतरत नाही आता. झाकणाला कुलूप घातलंय. किल्ली माझ्याकडे असते."

तोवर मला फक्त माझं दुखत होतं. व्यासपीठावर न जाता मी इथेच म्हातारी झाले असते. पण एक माणूस मेला, त्याच्या नावाचा दवाखाना झाला, त्याच्यासाठी मिस्सा झाली, आणि ज्याने तो मेला ते तसंच! तू पश्चात्ताप केलास, तुला क्षमा मिळाली, तुझ्या लेखी ते तिथे मिटलं. तुझ्या देवाला पश्चात्ताप पुरत असेल. त्या दोन पाण्यांना पुरत नाही. ती आत्ताही, मी हे लिहीत असताना, एकमेकांत मिसळताहेत.

मी शुक्रवारी लेओनला आले. सरळ देल्फिनाच्या दारात. दुःखी मातेचा शुक्रवार होता, म्हणून तिने ओट्यावर मातेची वेदी मांडली होती: संत्री, कोवळे गव्हाचे अंकुर, जांभळा कागद. येणाऱ्याजाणाऱ्याला ती जास्वंदीचं सरबत देत होती. मला बघितल्यावर तिने पेला भरला.

"बसा, बाई. सोहळ्याला आलात ना? मालकांनी मला पाटीवरचा पडदा ओढायला सांगितलंय. नवीन बूट घेतलेत."

मी पेला खाली ठेवला आणि सांगितलं. हौद, चॅपेल, टँकर, शपथ, दोन नळ.  मध्येच एक शेजारीण सरबत मागायला आली, तिला देल्फिनाने ते दिलं. मग ॲप्रनला हात पुसत माझ्यासमोर बसली.

"म्हणजे मी तुम्हाला कशाची क्षमा केली?" ती म्हणाली.

"कशाचीच नाही."

"आणि त्यांना?"

"त्यांनी तुला सांगितलंच नाही कशाची ते."

तिने वेदीवरचं एक संत्रं सरळ केलं. मग तिचा आवाज चढला. "दीड वर्ष तुम्ही कुठे होतात, बाई? मी तुमच्यासाठी नवस बोलले होते. वाटायचं, बिचारी, केवढं ओझं घेऊन फिरत असेल! आणि तुम्ही तिकडे रुसून बसला होतात?"

 उत्तराला ती थांबली नाही. शाल घेतली आणि म्हणाली, "चला. आज शुक्रवार आहे, मालक ऑफिसात असतील."

ऑफिसात काय झालं ते तू जाणतोस. पण ज्या तऱ्हेने तू ते उद्या सांगशील, त्याआधी मी लिहून ठेवते.

तू उठून उभा राहिलास, तिला खुर्ची दिलीस. ती बसली नाही. तिने विचारलं, "नळ कुणी जोडला, मालक?"

तू म्हणालास, "देल्फिना, देवापुढे आपण सगळेच दोषी."

"देवाचं नंतर बघू. मला गुमारोचं सांगा. नळ कुणी जोडला?"

तू माझ्याकडे बघितलंस. ती एक नजर मी कधीही विसरणार नाही. लहानपणी बाबांचा पट्टा निघाला की तू अशीच नजर टाकायचास आणि मी पुढे व्हायचे. या वेळी मी खिडकीबाहेर बघितलं.

"मी," तू म्हणालास. आणि टेबलाला वळसा घालून तिच्यापुढे आलास आणि गुडघे टेकायला लागलास.

"उठा," ती म्हणाली. किती जोरात म्हणाली! बाहेरचे टाइप करणारे हात थांबले. "उठा, मालक. गुडघे टेकू नका. तुम्ही खाली बसलात की मला बोलताच येत नाही. मागच्या वेळी तेच झालं. उभे राहा आणि ऐका."

तू उभा राहिलास.

"माझी पोरं तुमच्या पाळणाघरात वाढली. ते मी विसरणार नाही. पण ते तुम्ही दिलंत. गुमारो माझा होता. मी तेव्हा माफ केलं म्हणाले, ते आज परत घेतेय. इंजिनीयरबाईंचं आधी, कारण ते त्यांचं नव्हतंच. तुमचं पण. पुन्हा द्यायचं की नाही ते माझं मी बघीन, माझ्या घरात. फोटोवाला न आणता."

आणि ती निघाली.

तुला वाटलं असेल ती ताठ मानेने गेली. गेटबाहेर, गाड्यावर पावात डुकराच्या कातडीचे कुरकुरीत पापुद्रे भरून देणारा तो म्हातारा आहे ना, त्याच्या बाकड्यावर ती मटकन बसली. मी तिच्यासाठी एक पाव घेतला. तो तिच्या हातात नुसता राहिला, तिखटाचा रस्सा बोटांवरून मनगटावर आला तरी तिला कळलं नाही. म्हणाली, "बाई, त्या दिवशी मिस्सेनंतर मला पहिल्यांदा झोप लागली होती. आता ती पण गेली."

ते माझ्यामुळे. तिची झोप मी घालवली. तू नव्हे.

काल संध्याकाळी पुन्हा तुझा फोन. तुझा आवाज ऐकून मला वाटलं, तू इन्स्पेक्टरकडे जाऊन आलास. इतका हलका होता.

"वेवा, मी फादर उबाल्दोंकडे गेलो होतो. सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही. मोकळा झालो गं!"

"आणखी कुणाला सांगितलंस?"

"म्हणजे?"

"रोसेन्दो, आणखी कुणाला?"

"त्यांच्याशिवाय कुणाला सांगायचं असतं?" तू म्हणालास. खरोखर न समजून म्हणालास.

मी फोन ठेवला.

हेनोवेवा


१५ जून

रोसेन्दो,

हे शेवटचं पत्र. पुढचं जे काय असेल ते कामाचं असेल आणि ते अबुंदिओमार्फत येईल.

देल्फिना ईस्टरच्या आधीच कामगार खात्यात गेली. एकटीच. मी बरोबर येते म्हणाले तर म्हणाली, "तुम्ही आलात तर लोक म्हणतील तुम्ही शिकवलंत." पुढचं तू भोगतोयस: झाकणाचं कुलूप तोडलं, दोन्ही नळ सापडले, चुन्याचा विभाग बंद झाला, मंडळाने सोहळा 'अनिश्चित काळासाठी' पुढे ढकलला. न्याहारीला तुझी खुर्ची कुणी हलवली नाही म्हणे, फक्त शेजारी कुणी बसत नाही. हे ऐकून मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

देल्फिनाचं काय झालं ते तुझ्यापर्यंत आलं नसेल. अर्ध्या पगारावर घरी बसलेल्या माणसांनी तिच्या भिंतीवर शेण फासलं. देवमाणसाचा घात केला म्हणाले. तिच्याबरोबर पॉलिशला बसणाऱ्या बायका तिच्याशी बोलत नाहीत. जिचा नवरा गेला ती वाईट, आणि ज्याने पाळणाघर बांधलं तो चांगला. माणसांना तू असं शिकवलंस. त्यांना जे मिळालं ते तुझ्या मायेने मिळालं असंच त्यांना वाटतं, म्हणून हक्काचं मागणारी त्यांना कृतघ्न वाटते. एवढं भलं करून तू त्यांना इतकं मिंधं कसं केलंस, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

चॅपेलची फरशी फोडायला हवी, दुसरी जागा नाही, असं इन्स्पेक्टरने सांगितलं तेव्हा कुणी कुदळ उचलेना. अबुंदिओने मला फोन केला. मी शनिवारी आले. तू वरच्या खिडकीत उभा होतास, मला दिसलास. अंगणात माणसं हाताची घडी घालून उभी. त्यांना मला शिव्या द्यायच्या होत्या, पण शिकलेल्या बाईला कशा द्यायच्या ते कळत नव्हतं. तेवढ्यात देल्फिना गेटमधून आली. सरळ आत गेली, मूर्तीच्या पायाशी हात लावून मागे वळली आणि म्हणाली, "ही मला एकटीला उचलायची नाही. कोण येतंय?"

कुणी हललं नाही. मग पाळणाघरातली ती जाडी ताई आली, डोळे पुसत, रागाने बडबडत. "फोडा, फोडा, सगळं फोडा एकदाचं!" आणि तिने मूर्तीची दुसरी बाजू धरली. मग अबुंदिओ. मग आणखी दोघं. मारियामातेला त्यांनी कातडी वाळवायच्या माडीवर नेऊन ठेवलं आणि खाली येऊन कुदळी घेतल्या. दुपारपर्यंत माझा हौद दिसायला लागला. राडारोडा भरलेला, पण भिंती शाबूत.

नवी आखणी मी करून देईन. सही करायचा हक्क परत द्यायचं खात्याने मान्य केलंय, कागद यायचाय. दर शनिवारी येईन, काम संपेपर्यंत. मी अंगणात दिसले तर तू खाली येऊ नकोस. चुलीवर कॉफी ठेवून बोलावू नकोस. मी घेणार नाही, आणि नाही म्हणताना मला त्रास होईल.

देल्फिनाने तुला क्षमा केलीय का, असं तू अबुंदिओला विचारलंस म्हणे. तिला विचारायची हिंमत नाही, म्हणून त्याला. मला माहीत नाही. मी तिला विचारलेलं नाही, तूही विचारू नकोस.

माझं मला माहीत आहे. मी केलेली नाही. फादर उबाल्दोंनी मला इथे लागोसला पत्र पाठवलं, माझ्याच आत्म्यासाठी क्षमा करावी म्हणून. मी त्यांना उत्तर दिलं, की फादर, कधी आली तर ती माझ्यातून येईल, आणि नाही आली तर ते देवाला मी सांगेन. गेल्या रविवारी मी इथल्या चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसले. मिस्सा पूर्ण होईपर्यंत थांबणं जमलं नाही मला, पण अर्ध्यापर्यंत बसले. नाबोर बाहेर वाट बघत होता. 

अबुंदिओ सांगतो, तू अजून रोज सकाळी वाळवणाच्या माडीवर जाऊन प्रार्थना करतोस, आणि त्यात माझं नाव घेतोस. ते बंद कर. स्वतःसाठी हवं ते माग. माझ्या नावाने पुन्हा कुणाजवळ काही मागू नकोस. देवाजवळही नाही.

हेनोवेवा